चिक्कीचे दहा दिवस: लेंड्या, वजन आणि गवत

मे महिन्यात मैत्रीण दहा दिवसांसाठी गावी गेली आणि तिची पाळीव सशीण चिक्की माझ्याकडे राहायला आली. तपकिरी रंगाची, तीन वर्षांची, वजन १.८ किलो. पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकत होता.

ससा दुखणं लपवतो. रानात जो दुबळा दिसेल तो आधी उचलला जातो, म्हणून गप्प बसणं त्याच्या रक्तातच आहे. ‘बरी दिसतेय’ एवढ्यावर विसंबता येत नाही, मोजत राहावं लागतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून रोज सकाळी, खाण्याआधी, तिचं वजन वहीत लिहायचं ठरवलं.

मैत्रिणीकडून तीन गोष्टी मागून घेतल्या: चालू पिशवीतलंच गवत आणि पेलेट्स (सशाच्या खाद्याच्या गोळ्या), शी-सूचा ट्रे न धुता, आणि ससे बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे तपासत नाहीत. औषधांचंही तसंच. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. कुत्र्यांच्या पिसवांवर वापरतात ते फिप्रोनिल सशाला विषारी. घरातलं काहीही स्वतःच्या मनाने द्यायचं नाही.

खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा सुक्या गवताचा, तेही चोवीस तास समोर हवं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. आतडंही याच तंतूंवर चालतं. पेलेट्स मोजकेच, दोन वेळांत. शिवाय मूठभर पाला: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, धुऊन निथळलेल्या दूर्वा. गाजर म्हणजे तिची मिठाई, एखादी चकती पुरे. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, भात अजिबात नाही. लसूणघास (जनावरांचा हिरवा चारा, अल्फाल्फा) लोक भरभरून घालतात, पण त्यात कॅल्शियम फार. पूर्ण वाढलेल्या सशाच्या लघवीत त्याचा दाट गाळ साचतो. लघवी केशरी किंवा लालसर दिसली की घाबरायला होतं. बहुतेक वेळा तो पाल्यातल्या रंगद्रव्यांचा परिणाम असतो. पण कुंथत असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या तर लगेच डॉक्टर.

सगळ्यात खरं सांगतात त्या लेंड्या. नीट असतील तर हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या. फोडल्या की आत गवताचा भुसाच दिसतो. यांखेरीज मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या असतात. त्या ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खाते आणि ते तिला गरजेचं असतं. त्या ट्रेमध्ये पडून राहू लागल्या तर पेलेट्स जास्त होत असतात, किंवा पाठ, दात नाहीतर वजनामुळे तिला त्या खाता येत नसतात.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला पेलेट्स वाजवले. एरवी धावत येते. आली, हुंगलं आणि तोंड फिरवलं. ट्रेमधल्या लेंड्या बारीक, केसाने माळेसारख्या ओवलेल्या. तिचे केस गळत होते, शिवाय दुपारी दोन तास वीज नव्हती. पोट जमिनीला टेकून, डोळे अर्धे मिटून बसली होती, दात करकरत होते. हळू आवाजात चावले तर ते सुखाचं लक्षण. असे जोराने करकरले तर वेदनेचं. सशाचं आतडं थांबलं की गॅस धरतो, आणि त्याला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास काही न खाणं म्हणजे जिवाशी खेळ. सकाळची वाट पाहिली नाही.

डॉक्टरांनी आधी पोट चाचपलं. तट्ट फुगलेलं, कडक असतं तर अडथळ्याची शंका. तेव्हा तोंडावाटे भरवणं घातक. ते मऊ होतं. वेदनाशामक, कातडीखाली सलाइन आणि आतडं चालवणारं औषध दिलं. घरी दर सहा तासांनी २० मिली पेज: पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून गाळलेली. सिरिंज समोरून नाही, पुढच्या दातांमागच्या फटीतून बाजूने घालायची. एका वेळी १ मिली, गिळलं की पुढचं. घाई केली तर छातीत जातं. पहाटे चारला पहिल्या पाच लेंड्या पडल्या. वजन १.७४ झालं होतं, तीन दिवसांत १.७८ वर आलं.

उन्हाचा बंदोबस्त मग वाढवला. सशाला जवळपास घाम येत नाही, म्हणून नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग नाही. बर्फ केलेली लिटरची बाटली फडक्यात गुंडाळून टेकायला ठेवली आणि कानांवर गार पाण्याचा ओला हात फिरवत राहिले. बर्फाचं पाणी नाही. पाणी प्यायच्या बाटलीच्या नळीऐवजी जड वाडगा ठेवला, त्यातून ससा जास्त पितो. तोंड उघडून श्वास, लाळ, तापलेले लाल कान दिसले तर उष्माघात.

शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा बघायचा. तिथे घाण चिकटली की माश्या अंडी घालतात आणि चोवीस तासांच्या आत अळ्या होऊ शकतात. घाण ओल्या फडक्याने पुसायची, अंघोळ घालायची नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. हवेत पाय झाडले तर कणा मोडू शकतो.

मैत्रीण आली तेव्हा ट्रे, उरलेलं औषध आणि वही तिच्या हातात दिली. शेवटच्या पानावर: सकाळी १.८० किलो, लेंड्या गोल, पाणी १९० मिली.