दोन पट्ट्या कुठे गेल्या?

सकाळी सहाला मंडईतून दोन किलो पालक आणायचा, देठ खुडून गार बफरमध्ये मिक्सरला लावायचा आणि दुपारपर्यंत त्यातून फोटोसिस्टिम दोनचे, म्हणजे उजेडात पाणी फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेचे, पटल वेगळे करायचे, हा पीएचडीत माझा आठवड्यातून दोनदाचा रतीब. भाजीवाल्या मावशींना वाटायचं, माझी खानावळ आहे.

काम जमलं की नाही हे ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर कळतं. दिवा लावला की रेघ सरसर चढते. एक मिलिग्रॅम क्लोरोफिलमागे तासाला ५०० मायक्रोमोल ऑक्सिजन आला की मी खूश. त्या दिवशी १५०सुद्धा येईना. मी सरळ पालकाला शिव्या घातल्या.

संध्याकाळी जेल रंगवली; तिच्यात प्रोटीन्स वजनाप्रमाणे पट्ट्यांत वेगळी दिसतात. ३३ किलोडाल्टन वजनाच्या प्रोटीनची पट्टी जागेवर, पण खालच्या २३ आणि १७च्या जागा कोऱ्या! पटल मिठाच्या बफरने धुतल्यावर वर उरलेलं पाणी आळसापायी फेकलं नव्हतं. तेही जेलवर चढवलं, तर दोघी त्यात ठळक बसलेल्या.

मग बाटल्या तपासल्या. १५ मिलिमोलर मिठाच्या बफरऐवजी मी शेजारची १ मोलरची बाटली ओतली होती. मार्करची अक्षरं पुसलेली, झाकणं सारखीच.

सुटलेल्या या दोन प्रोटीन्सना ना क्लोरोफिल, ना मँगनीज. पाणी फोडणाऱ्या केंद्रावर आतल्या बाजूने झाकणासारखी बसतात, एवढंच. त्यामुळे ती गेली म्हणून एवढी पडझड का, हे मला उमगेना. सर म्हणाले, "कॅल्शियम घालून बघितलंस?"

१० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलं. दिवा लावला. रेघ क्षणभर अडखळली आणि चढू लागली. प्रोटीन्स परत न घालता! म्हणजे केंद्र शाबूत होतं, झाकण उडाल्यावर आतला कॅल्शियम तेवढा निसटला होता. मी नाचायचीच बाकी होते, तर सर शांतपणे म्हणाले, "हे १९८४ मध्ये मिशिगनला करून झालंय."

एक मात्र माझं मला सापडलं. त्या दिवशी खोलीतला हिरवा मंद दिवा उडाला होता, म्हणून मी ट्यूबलाइट लावूनच मिठाने धुतलं होतं. पुढच्या खेपेला मुद्दाम तेच मीठ, पण अंधारात. २३ आणि १७ तशाच सुटल्या, ऑक्सिजन मात्र इतका पडला नाही. उजेडात केंद्राचं पाणी फोडण्याचं चक्र फिरत असताना कॅल्शियम सहज सुटतो. हेही छापून आलेलं होतंच, पण ते मी नंतर वाचलं.