वर २.६, खाली ३.१

गुरुवार, रात्र. पाऊस आहे, पण नुसताच भुरभुर.

आप्पांचा, म्हणजे कंपनीत माझी कामं मोजून पास करणाऱ्या माणसाचा, राग आलाय असं दुपारी वाटत होतं. संध्याकाळी वाटलं, राग नाही, वाईट वाटलंय. आता जेवण झाल्यावर वाटतंय की दोन्ही नाही, तिसरंच काहीतरी आहे, आणि ते काय हे कळल्याशिवाय उद्या लेथ, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, चालू करण्यात अर्थ नाही. असल्या डोक्याने हातात गाऊज, म्हणजे कातायचं हत्यार, धरला की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

तसं काही घडलेलंच नाही. ही म्हणते, “चहा घेतला, पोहे खाल्ले, तुमचं ते बघितलं आणि गेले. तुम्हाला झालंय काय?” बरोबर आहे. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसलं.

मला दिसलं ते असं. मी कातलेला लाकडी पेला कपाटातून काढून टेबलावर ठेवला. हळदूचा, साधारण फूटभर उंच, त्यात वीतभर नुसता दांडा आणि वर लिंबाएवढी वाटी. ठेवला तेव्हा दांडा थरथरला. तो थरथरतोच, फ्रान्सचे कातारी या प्रकाराला त्रांब्लर म्हणतात ते त्यामुळेच. आप्पांनी चष्मा बदलला आणि पिशवीत हात घातला. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस पिशवीत छत्रीच्या शेजारी व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचं माप, ठेवून फिरतो. रुमालाने जबडे पुसले. बंद करून झीरो बघितला. वाटीच्या खाली एकदा लावला, बैठकीच्या वर एकदा लावला.

“वर दोन पॉइंट सहा, खाली तीन पॉइंट एक. टेपर मुद्दाम दिलायस का रे?”

“हो.”

“मग ठीक.”

व्हर्नियर पाकिटात, पाकीट पिशवीत. त्यानंतर सिंहस्थाच्या नावाने खोदलेल्या रस्त्यांवर बोलणं झालं, मग त्यांच्या गुडघ्यावर, आणि मग रिक्षा मिळत नाही म्हणून मी त्यांना त्रिमूर्ती चौकापर्यंत सोडून आलो.

मग ठीक.

बाकी लोक काय म्हणतात ते इथे लिहून ठेवायला हरकत नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अय्या, किती नाजूक, हात लावायची भीती वाटते.” भाचा म्हणाला, “मामा, यात वाइन पितात?” नाशिकमध्ये राहून दांड्याचा पेला केला की हा प्रश्न ठरलेला. पीत नाहीत रे बाबा. यात काहीच पीत नाहीत, फक्त बघतात. गंगापूर रोडच्या एका दुकानवाल्याने फोटो बघून “डझनात पडतील का” असं विचारलं. सगळ्यांना हसून उत्तरं दिली. वहिनींचं कौतुक तर अगदी मनापासूनचं होतं, तरी रात्रीपर्यंत टिकलं नाही. आणि आप्पांचं “मग ठीक” मात्र दुपारपासून घशात अडकलंय.

आख्खी नोकरी माझा प्रत्येक जॉब, म्हणजे कातलेला प्रत्येक भाग, या माणसाच्या टेबलावरून गेला. अंबडच्या त्या शेडमध्ये सेकंड शिफ्ट सुटताना शाफ्टचा ट्रे त्यांच्यासमोर ठेवायचा आणि उभं राहायचं. ओके किंवा रिजेक्ट. फार तर रीवर्क. तिसरा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही, आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही, कारण ड्रॉइंग आपलं नव्हतं, मालही आपला नव्हता. कंपनीच्या शेवटच्या वर्षाचं इथे काही लिहीत नाही.

पण हा पेला कुठल्या ड्रॉइंगवर नाही ना. टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलेलं चालेल ते, कोणी दिलेलं नाही. असं एकतरी काम करावं जे कोणाच्या टेबलावर ठेवावं लागणार नाही, म्हणून तर मी लाकडात शिरलो. आणि जो कोणालाही दाखवता आला असता तो पेला मी नेमका कोणाला बोलावून दाखवला? ज्याने जन्मभर मोजण्याशिवाय काही केलं नाही त्याला. वर पुन्हा त्याने मोजलं म्हणून तोंड पाडून बसलोय.

नदीचं बघ. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते रोज बातम्यांत येतं, पण गावाला त्या आकड्याशी देणंघेणं नसतं. गाव विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. एवढ्यावर दुकानं हलवायची की नाही ते ठरतं आणि सहसा चुकत नाही. हे मी दुपारी आप्पांना सोडून परत येताना मनात घोकत होतो, जणू काही मोठा मुद्दा सापडला. आता लिहिल्यावर लक्षात येतंय की मारुतीवरही लोक मोजतातच.

मोजण्याचं सोडून देऊ. त्यांना या कामात काय दिसलं असेल, ते बघू.

धातूच्या लेथवर हत्यार टूलपोस्टला जखडलेलं असतं. हेन्री मॉड्स्लेने १८०० च्या सुमाराला स्लाइड रेस्ट, म्हणजे हत्यार धरून सरकवणारा भाग, पक्का केला आणि हत्यार माणसाच्या हातातून गेलं ते गेलंच. त्याच्या आधी रशियाच्या पीटर राजाच्या पदरी नार्तोव्ह नावाचा कारागीर होता, त्यानेही तशी यंत्रं केली होती, आणि राजा स्वतः लेथवर हस्तिदंत कातायला बसायचा. आयटीआयमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं ते हँडल, डायल आणि फीड. लाकडाच्या लेथवर यातलं काही नाही. समोर एक आडवी टूल रेस्ट, तिच्यावर गाऊज, मागे तुमचा कोपर. जाडी डायलवर दिसत नाही, आवाजावरून कळते. जाड असेपर्यंत खर्र असा आवाज येतो. तीन मिलिमीटरच्या जवळ आलं की तो बारीक होत जातो, आणि सालपट तुटेनासं होऊन धाग्यासारखं मनगटावर गुंडाळत येतं. त्या वेळी श्वास जरा जोरात सोडला तरी चालत नाही असं नाही, पण मी सोडत नाही.

आता गणित. लांबी २१० मिमी, व्यास तीनच्या आसपास, म्हणजे सत्तर-ऐंशी पट. शॉपमध्ये दहा-बारा पटीच्या पुढे जॉब गेला की आम्ही स्टेडी, म्हणजे मधला आधार, मागायचो. लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं, जाडी निम्मी झाली की सोळापट. हे आप्पांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. असा जॉब ड्रॉइंगवर आला असता तर त्यांनीच ड्रॉइंग परत पाठवलं असतं.

तर तो होतो कसा? आधी आतून वाटी कोरायची आणि तिचं पॉलिश पेपरपर्यंत सगळं उरकायचं. मग वाटीचं बाहेरचं अंग. मग टेलस्टॉक, म्हणजे लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार, वाटीच्या तोंडाशी आणायचा, मध्ये कापूस, आणि दाब इतका कमी की असल्यासारखा वाटेल पण असणार नाही. जास्त दाबलं की दांडा धनुष्यच होतो. मग वाटीच्या लगतचा बोटाच्या पेरभर तुकडा फक्त उतरवायचा, एकदम शेवटच्या मापावर, तिथेच पेपर मारायचा, तिथेच पॉलिश. मग पुढचं पेर. चकच्या, म्हणजे लाकूड पकडून फिरवणाऱ्या भागाच्या, बाजूचा ठोकळा अजून जाड असतो, त्याच्या बळावर हे पेर उभं राहतं. पुढे गेलं की मागे यायचं नाही. मागचं पेर आता कशाच्याच आधारावर नसतं, तिथे पुन्हा हत्यार टेकवलं की पेला दोन तुकड्यांत. सावंतवाडीच्या कारागिरांसारखी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवावा असं फार मनात होतं, पण लाख वितळायला दाब लागतो आणि हा दांडा तेवढा दाब सोसत नाही. नुसतं मेण लावलंय. हळदूचा पिवळा आहे तो तसाच.

लाकूड करवतीने कापलेलं नाही, फोडून घेतलंय, म्हणजे तंतू वरपासून खालपर्यंत सलग राहतो. वखारवाल्याला वाटलं मी सरपण न्यायला आलोय.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं का? नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. टेपर मुद्दाम का, एवढंच विचारलं, आणि मी हो म्हणालो. बैठकीकडे दांडा किंचित जाड ठेवला तर डोळ्याला तो तोलदार दिसतो, हे खरंच आहे.

आणि लिहिता लिहिता आत्ता कुठे ते सापडलं. मला टोचतंय ते त्यांनी मोजलं म्हणून नाही. दोनच ठिकाणी मोजलं म्हणून!

मध्ये मोजलं नाही.

लांब बारीक जॉब दोन टोकांना धरून कातला की मधला भाग हत्यारापासून लांब पळतो. तिथे कमी कापलं जातं आणि जॉबला पोट राहतं. हे आम्ही दोघांनी हजारदा बघितलंय, शाफ्टचं पोट पकडण्यात तर आप्पांची हयात गेली. माझ्या दांड्याला पोट नाही. पेरापेराने उतरवलाय म्हणून नाही, आणि या पेल्यात माझं म्हणून जे काही आहे ते तेवढंच आहे. वरचं टोक वाटीला चिकटलेलं, खालचं बैठकीला. टोकांना काय, कोणालाही जमेल. मधोमध बघायला हवं होतं. माझ्याकडे माप आहे. सरळ टेपर असता तर २.८५ यायला हवं, माझं येतं २.८४.

हो, मी मोजलंय. व्हर्नियरचा जबडा लाकडाला चावतो, म्हणून दोन्ही बाजूंना कागदाची पट्टी घालून आणि मग कागदाची जाडी वजा करून. आप्पांच्या जबड्याची एक बारीक रेघ वाटीखाली उठलीय, ती सोडा. आडव्या बाजूने घेतलं तर २.८८ दाखवतं, पण ते लाकडाचं आहे, माझं नाही. लाकूड सगळीकडून सारखं फुगत नाही, वर्तुळांच्या दिशेने जास्त फुगतं. कातताना गोल असलेला दांडा श्रावणात किंचित अंडाकृती होतो आणि डिसेंबरच्या थंडीत पुन्हा वेगळाच होईल. यावर आप्पा काय म्हणाले असते ते मला ऐकायचं होतं. त्यांच्या कारकिर्दीत महिन्यागणिक माप बदलणारा जॉब आला नसेल.

स्वतःचा जॉब स्वतः पास करायचा नाही, हा कंपनीतला पहिला नियम. मोजणाऱ्यापासून सुटायला म्हणून लाकडात गेलो आणि इन्स्पेक्शन अपुरं झालं म्हणून रडतोय. हिला सांगितलं तर ती इतकी हसली की कुकरची शिट्टी मोजायची राहिली.

आत्ता पावणेअकरा. आप्पांना मेसेज टाकलाय, ‘मधलं माप राहिलं.’

वाटलं झोपले असतील. लगेच उत्तर आलं, ‘घरी आल्यावर माझ्याही लक्षात आलं. पोट असणार.’

मी लिहिलं, ‘नाही.’

बराच वेळ काही नाही. मग, ‘सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी झाली की मायक्रोमीटर घेऊन येतो. पण त्याचं कॅलिब्रेशन संपलंय. चालेल का?’

‘चालेल’ असं लिहिलं. पाठवायच्या आत पुसलं आणि लिहिलं, ‘करून आणा.’