आधी दिवे, मग आरसा

बाथरूमचं काम काढलं तेव्हा टाइल्स, नळ आणि बेसिनखालचं कपाट यांवर घरात भरपूर वाद झाले. आरसा मात्र ‘शेवटी बघू’मध्ये गेला. पण टाइल्स लागायच्या आधी इलेक्ट्रिशियनने विचारलं, “ताई, लाइटचा पॉइंट कुठे देऊ? वर मधोमध, नेहमीसारखा?” टाइल्स बसल्यावर पॉइंट हलवायचा म्हणजे फोडाफोडी आलीच. त्याला म्हटलं, आजचा दिवस थांबा.

रात्री जुन्या आरशासमोर नवऱ्याला उभं केलं, खोलीतले दिवे बंद केले आणि हातात चार्जिंगचा दिवा घेतला. दिवा डोक्यावर धरला तर त्याच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली मिशीसारखी सावली आणि हनुवटीखाली सगळा अंधार. दाढी करताना गळ्याजवळ खुंट का राहतात, ते तिथेच उलगडलं. दिवा एका बाजूला धरला तर अर्धाच चेहरा उजळला. मग मुलगी दुसरा दिवा घेऊन आली. दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या उंचीवर दिवे धरले आणि सावल्या जवळजवळ गायब झाल्या. उजेड चेहऱ्यावर पडायला हवा, आरशावर नाही. वर मधोमध एकच पॉइंट घेण्याचा बेत त्याच रात्री रद्द झाला.

दुकानात गेलो तर जिकडेतिकडे मागून उजळणारे एलईडी आरसे. दिसतात देखणे, यात शंका नाही. पण मागची पट्टी उजळते ती भिंत; समोर उभं राहिलं की चेहऱ्याला मिळतो तो भिंतीवरून परतलेला उरलासुरला उजेड. ज्यांच्या काचेवरच कडेने दुधी पट्टे असतात ते आरसे कामाचे, कारण त्यांचा उजेड थेट समोर येतो. तरी एक प्रश्न विचारून घेतला: आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग, बिघडला तर सुटा बदलता येतो का? “वॉरंटी आहे ना मॅडम,” असं उत्तर आलं, म्हणजे येत नसावा. शिवाय घड्याळ, तापमान, ब्लूटूथवर गाणी. तोंड धुताना तापमान कोणाला हवं असतं कोण जाणे! आम्ही साधा आरसा आणि बाजूला वेगळे दिवे घ्यायचं ठरवलं. दिवा गेला तर दिवाच बदलायचा.

खरी डोकेफोड होती उंचीची. घरात सगळ्यांत उंच नवरा, त्याचे डोळे जमिनीपासून 170 सेंटीमीटरवर. सगळ्यांत बुटक्या सासूबाई, त्यांचे 138 वर. शाळेत शिकलेलं भूमिती-प्रकाशाचं गणित इतक्या वर्षांनी इथे उपयोगी पडलं. सरळ उभं राहून स्वतःचा जो भाग आरशात बघायचा, तो आणि आपला डोळा यांच्या बरोब्बर मध्यावर जी उंची येते, तिथपर्यंत आरसा लागतो. मागे सरकलं तरी हे बदलत नाही. नवऱ्याचा माथा डोळ्यांच्या 12 सेंटीमीटर वर, म्हणून आरशाची वरची कड 176 वर पुरते. सासूबाईंना छातीपर्यंत, म्हणजे डोळ्यांखाली 40 सेंटीमीटर दिसायला हवं, तर खालची कड 118 वर. थोडक्यात, 58 सेंटीमीटर उंचीचा आरसा दोघांनाही पुरतो. भिंतीवर पेन्सिलने खुणा करून खात्री केली. आम्ही 65 चा घेतला आणि जास्तीचे सेंटीमीटर खाली सोडले. तरीही कड नळाच्या शिंतोड्यांपासून लांब राहिली.

मुलीला गोल आरसा हवा होता. पण गोल आरशात दोघं शेजारी उभे राहिले की प्रत्येकाच्या वाट्याला उतरती कड येते, आणि सकाळी आमच्याकडे बेसिनपाशी दोघं असतातच. आयताकृती घेतला, रुंदी कपाटापेक्षा थोडी कमी. ती अजून अधूनमधून कुरकुरते.

उंचीतला हा फरक दिव्यांनाही लागू होता. छोटे गोल दिवे एका उंचीवर लावले तर एकाला सोयीचे, दुसऱ्याच्या डोळ्यांत. म्हणून दोन्ही बाजूंना 60 सेंटीमीटर लांबीचे उभे दिवे घेतले. त्यांच्यावर दुधी आवरण आहे, त्यामुळे उघड्या एलईडीचे ठिपके डोळ्यांत खुपत नाहीत. खोक्यावर आयपी 44, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, आहे ना, ते पाहून घेतलं. यातला दुसरा 4 म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी चालेल.

रंगाच्या बाबतीत नवरा 6500 केल्विनच्या लख्ख पांढऱ्यावर अडून होता. दुकानातच त्याला स्वतःचा तळहात बघायला लावला. त्या उजेडात तो आजाऱ्यासारखा दिसला. 2700 चा पिवळा उजेड आरामाचा, पण त्यात कपड्यांचे रंग नीट कळेनात. शेवटी 4000 वर एकमत झालं. केल्विनइतकंच महत्त्वाचं सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा. तो 90 च्या वर हवा. मी लाल ओढणी बरोबर नेली होती. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली ती विटकरी दिसली. काही दिवे फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर पडद्यावर पट्टे सरकत होते. ते लुकलुकणारे, म्हणून तिथेच बाद.

आरसा बसवायच्या दिवशी मिस्त्रीने सिलिकॉनची नळी उघडली आणि व्हिनेगरसारखा वास सुटला. मी लगेच थांबवलं. त्या प्रकारातून सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं आणि ते आरशामागचा चांदीचा थर खातं. जुन्या आरशांच्या कडेला काळे डाग पडतात त्याचं हे एक कारण, दुसरं ओल. “अहो, सगळे हेच लावतात,” तो म्हणाला. पण मग दुसऱ्या दिवशी मुकाट्याने न्यूट्रल, म्हणजे असं आम्ल न सोडणारं, सिलिकॉन घेऊन आला. पुसायलाही आता आम्ही पाणी आरशावर न फवारता फडक्यावर घेतो, म्हणजे ते कडेतून आत उतरत नाही.

वाफ घालवणारा तापता पॅड आम्ही घेतला नाही, एक्झॉस्ट फॅनवर भागतं. सासूबाईंसाठी मात्र बाजूला ओढता येणारा, मोठं दाखवणारा छोटा आरसा लावायचा आहे. कुठल्या बाजूला लावायचा यावर त्यांचं आणि मुलीचं अजून ठरत नाहीये.