डोळे मिटून बॉन्ड

दोन बॉन्डप्रेमी एकत्र बसले की याद्या तीन निघतात. पडद्यावरचा सर्वोत्तम जेम्स बॉन्ड कोण, कॉनरी, मूर की क्रेग, हा वाद तर बारमाही. मग डाल्टनवर अन्याय झाला म्हणून हळहळ, आणि शेवटी 'ऑक्टोपसी' वर ठेवायचा की तळाला, यावर घसा बसेपर्यंत भांडण. १९६२च्या 'डॉक्टर नो'पासून २०२१च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत इऑन कंपनीचे २५ चित्रपट आणि सहा नायक; सरपण भरपूर आहे. गल्ल्याकडे बघून निकाल लावावा म्हटलं तर 'थंडरबॉल'चे सुमारे १४ कोटी डॉलर १९६५चे आणि 'स्कायफॉल'चे ११० कोटींहून जास्त डॉलर २०१२चे. आजोबांचा पगार नातवाच्या पगाराशी ताडून बघावा, तसलं ते गणित.

यावर एक उपाय आहे: डोळे मिटायचे. बॉन्डपट कानाने तोलले की क्रमवारी भराभर बदलते.

याचा पुरावा १९८३ सालीच मिळाला. 'थंडरबॉल'च्या कथेच्या हक्काचं जुनं भांडण होतं, त्यातून इऑनच्या बाहेर 'नेव्हर से नेव्हर अगेन' निघाला. त्यात साक्षात शॉन कॉनरी, बारा वर्षांनी परतलेला. त्याच वर्षी इऑनचा 'ऑक्टोपसी' आला, पन्नाशी ओलांडलेल्या रॉजर मूरला घेऊन. कागदावर पारडं कॉनरीचं जड. पण बंदुकीच्या नळीतून दिसणारी ती सुरुवात आणि ती प्रसिद्ध धून, दोन्ही इऑनच्या मालकीची. मिशेल लग्रांसारखा मोठा संगीतकार असूनही कॉनरी 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये वरातीविना आलेल्या नवरदेवासारखा वाटतो. माणूस तोच, वाजंत्री नाही. गल्ल्यातही 'ऑक्टोपसी' पुढे गेला.

शिवाय 'ऑक्टोपसी'त उदयपूर आहे, कबीर बेदी आहे, विमानाच्या टपावरची खरीखुरी मारामारी आहे. आणि गारुड्याच्या वेशातला विजय अमृतराज पुंगीवर बॉन्डचीच धून वाजवून ओळख पटवतो. हा विनोद पोरकट आहे, कबूल. पण त्या धुनीचा उगम पाहिला की पुंगी तितकी परकी वाटत नाही. माँटी नॉर्मन यांनी नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवरच्या संगीतनाटकासाठी एक गाणं बांधलं होतं, 'बॅड साइन, गुड साइन', सतारीच्या अंगाने जाणारं. ते नाटक रंगमंचावर आलंच नाही. तीच चाल सतारीवरून गिटारवर गेली, जॉन बॅरी यांनी तिला पितळी वाद्यांचा साज चढवला, आणि त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या गरीब माणसाचं गाणं ब्रिटिश हेराच्या अंगावर बेमालूम बसलं. श्रेय कुणाचं यावर पुढे खटलाही झाला. २००१ साली लंडनमध्ये निकाल नॉर्मन यांच्या बाजूने लागला.

कानाची परीक्षा साहसदृश्यात सर्वात कडक होते. 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये (१९७४) मोटार मोडक्या पुलावरून उडते, हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेते आणि चारही चाकांवर उतरते. थायलंडमध्ये हे खरंच केलं गेलं. उताराचा कोन आणि वेग संगणकावर आधी बसवले होते, तोल जाऊ नये म्हणून चालकाची जागा गाडीच्या मधोमध आणली होती, आणि एकाच प्रयत्नात काम फत्ते झालं. अशा क्षणी पार्श्वसंगीतात काय आहे? सर्कशीतल्या विदूषकासारखी शिट्टी! दृश्य फुकट गेलं.

तीनच वर्षांनी 'द स्पाय हू लव्ह्ड मी'त बॉन्ड स्की करत कड्यावरून खाली जातो. जागा कॅनडातल्या बॅफिन बेटावरचा माउंट ॲसगार्ड, उडी रिक सिल्व्हेस्टर यांची. निसटलेली एक स्की उघडू पाहणाऱ्या पॅराशूटला घासून जाते, तेही चित्रपटात दिसतं. कडा सुटल्याबरोबर संगीत बंद होतं. नुसता वारा. पॅराशूट उघडतं, त्यावर युनियन जॅक, आणि तेव्हा कुठे धून. गिरकी घेणारी मोटार कौशल्यात या उडीपेक्षा काही कमी नव्हती. फरक फक्त गप्प बसण्यात आहे.

'गोल्डनआय'लाही (१९९५) हा धडा शिकावा लागला. एरिक सेरा यांचं संगीत थंड आणि खडखडीत होतं. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांतल्या रणगाड्याच्या पाठलागाला ते चालेना. मग त्या प्रसंगासाठी जॉन आल्टमन यांच्याकडून नवं संगीत करून घेतलं, धुनीसकट. पूर्ण चित्रपट ऐकताना तो सांधा स्पष्ट कळतो: रणगाडा भिंत फोडून येतो आणि तेवढी काही मिनिटं चित्रपट बॉन्डपट होतो.

याच्या अगदी उलट खेळ 'कसिनो रॉयल'चा (२००६). डेव्हिड आर्नल्ड यांनी धून हातची राखून ठेवली. सबंध चित्रपटभर शीर्षकगीताची चाल तिची जागा चालवते, मूळ धुनीचे अधूनमधून फक्त तुकडे. शेवटी क्रेग आपलं नाव सांगतो आणि मग ती पुरती सुटते. नवख्या हेराला धून कमवावी लागते. पटकथेने जे सांगायचं ते इथे संगीताने सांगितलं. म्हणून हा चित्रपट पहिल्या तिनात ठेवायला हरकत नसावी.

'अ व्ह्यू टू अ किल' बहुतेक याद्यांत तळाशी असतो. मूर तेव्हा ५७ वर्षांचे, आणि ते लपत नाही. पण त्याचं ड्युरान ड्युरान या बँडचं शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे दुसऱ्या कुठल्याही बॉन्डगीताला हे जमलेलं नाही.

आणि लेझनबी. एकच चित्रपट, १९६९चा 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस', म्हणून पुष्कळ जण त्याला सहावा क्रमांक देऊन मोकळे होतात. त्याच चित्रपटात आजारी लुई आर्मस्ट्राँग यांनी 'वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड' गायलं. ट्रम्पेट वाजवण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. ५२ वर्षांनी 'नो टाइम टू डाय' संपतो, क्रेगची पाच चित्रपटांची कारकीर्द संपते, अक्षरं वर सरकू लागतात, आणि कानावर येतं ते हेच गाणं.