सावलीतला चौथा फेस

युद्धनौकेवर काम करतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, क्षेपणास्त्राची रेंज किती. दुसरा प्रश्न, एका वेळी किती विमानं पाडू शकते. माझं काम या दोन्हीच्या अलीकडचं आहे आणि त्याबद्दल कुणी कधी विचारत नाही, कारण बाहेरच्या माणसाला असं काही काम असतं हेच माहीत नसतं. मी अलाइनमेंट करतो. म्हणजे जहाजावरचे सगळे रडार, सगळे डोळे, एकाच उत्तरेला उत्तर म्हणतात का आणि एकाच क्षितिजाला क्षितिज म्हणतात का, एवढंच बघतो. गेले कित्येक महिने एका ट्रायलचे अकरा सेकंद डोक्यातून जात नाहीयेत म्हणून लिहायला बसलोय.

आधी थोडं सांगावं लागेल. हवाई संरक्षणाच्या जहाजावर आता गोल फिरणाऱ्या अँटेनाऐवजी बऱ्याचदा चार सपाट फेस, म्हणजे रडारचे सपाट अँटेना-पॅनेल, असतात, चार दिशांना तोंड करून सुपरस्ट्रक्चरमध्ये, म्हणजे डेकवरच्या इमारतीसारख्या भागात, बसवलेले. प्रत्येकाने साधारण नव्वद अंश सांभाळायचे. काही हलत नाही, बीम, म्हणजे रडारचा झोत, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतो, त्यामुळे तो क्षणात इथे, क्षणात तिथे. ब्रिटिशांच्या टाइप ४५ वर वेगळा विचार केलाय, दोनच फेस पाठीला पाठ लावून मिनिटाला ३० फेरे फिरतात, पण वजन कमी असल्याने तो गोळा पार मास्टच्या टोकावर नेता आलाय. चार मोठे फेस एवढे वर नेले तर जहाजाचं डोकं जड होतं, मग स्टॅबिलिटीवाले आडवे येतात, आणि ते बरोबरच असतात.

उंचीचा एवढा हट्ट का, तर पृथ्वी गोल आहे म्हणून. अँटेना पाण्यापासून १६ मीटरवर असेल तर ४ मीटर उंचीवरून लाटांना चाटत येणारं क्षेपणास्त्र साधारण २५ किलोमीटरवर दिसायला लागतं, अँटेना २५ मीटरवर असेल तर २९ वर. सेकंदाला ३०० मीटर वेग धरला तर ८२ सेकंद आणि ९६ सेकंद. नऊ मीटर स्टील वर चढवून चौदा सेकंद मिळतात. माहितीपत्रकात रडारची रेंज कितीही लिहिलेली असो, ते क्षितिजाखाली बघत नाही, आणि शोधणं, ओळखणं, ठरवणं, डागणं हे सगळं त्या ९६ सेकंदात बसवायचं असतं. हे डोक्यात ठेवा, अकरा सेकंदांचं महत्त्व त्यावरूनच कळेल.

आता माझी गोष्ट. जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढलेल्या गोदीत, होतं. अलाइनमेंट रात्री करायची असते, सूर्यास्तानंतर निदान पाच-सहा तासांनी, आणि उजाडायच्या आत आटपायची. कारण स्टील. एक मीटर स्टील एका अंशाला १२ मायक्रॉन वाढतं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण दुपारी डेक तापलेला असतो आणि तळ सावलीत गार असतो, दोघांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. वरची बाजू लांब होते, खालची होत नाही, आणि सगळं जहाज धनुष्यासारखं वाकतं, दोन्ही टोकं खाली. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, पण बारा मीटर खोलीच्या जहाजात मधल्या रेफरन्स प्लेटपासून, म्हणजे जिच्या आधाराने सगळं मोजतात त्या प्लेटपासून, पंचवीस मीटर पुढे गेलात की दिशेत अर्धा मिलिरेडियन फरक पडलेला असतो. एक मिलिरेडियन म्हणजे शंभर किलोमीटरवर शंभर मीटर.

तीन फेस आम्ही दोन रात्रींत केले. प्रत्येक फेसच्या फ्रेमच्या कोपऱ्यात छोट्या वाट्या बसवलेल्या असतात, त्यात चकचकीत रिफ्लेक्टरचा गोळा ठेवायचा, तो चुंबकाने टक्कन बसतो, आणि खालून लेझर ट्रॅकर त्याची जागा मिलिमीटरच्या बारीक भागापर्यंत सांगतो. गोळा ठेवताना हातमोजे काढायचे असा माझा नियम आहे, वाटीत रंगाचा एक कण जरी असला तरी बोटाला कळतो, मोज्यातून कळत नाही. चौथा, पुढचा उजवा फेस, तिसऱ्या रात्री करायचा होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगकामाची परांची तिथे चढणार होती, तारीख आधीच दोनदा पुढे गेलेली, आणि दुपारी चार वाजता प्रोजेक्टचे साहेब म्हणाले, "अहो, एकच राहिलाय ना, आत्ताच उरकून टाका. आणि तो फेस तर सावलीत आहे, ऊन सगळं डाव्या बाजूला."

मी म्हटलं, "सर, फेस सावलीत असून उपयोग नाही, जहाज उन्हात आहे." ते म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचर करेक्शन आहे ना?"

आहे. तिथेच मी वाद सोडला, आणि तेच मला टोचतं. सॉफ्टवेअर एक तापमान विचारतं, आपण एक आकडा टाकतो आणि ते सगळी अंतरं त्या प्रमाणात लहान करतं. पण वाकणं म्हणजे लांबणं नव्हे. डावी भिंत तापून वाढली की सुपरस्ट्रक्चर उजवीकडे झुकतं, उजवा फेस सावलीत गारेगार राहून थोडा खाली बघायला लागतो, आणि यातलं काहीही त्या एका आकड्यात येत नाही. मला हे माहीत होतं. रिपोर्ट मात्र सुरेख आला. चारही कोपरे एकमेकांशी जुळत होते, फेस सपाट होता, एररचे आकडे मर्यादेच्या निम्म्याने. जुळणारच, कारण सगळा फेस एकदमच कलला होता, त्याला स्वतःत काही बिघाड नव्हता. मी शेऱ्याच्या रकान्यात 'तापमान दुरुस्ती केली' एवढंच लिहिलं आणि सही केली. दुपारी चारची वेळ तक्त्यात आहे, पण ती वाचून कुणी प्रश्न विचारावा अशी आमच्याकडे पद्धतच नाही. मर्यादेच्या आत म्हणजे पास.

काही आठवड्यांनी समुद्रावर ट्रॅकिंग ट्रायल झाली. एक विमान, आत दोन माणसं, मागे काही किलोमीटर लांब वायरवर ओढलेलं टार्गेट. फक्त ट्रॅक करायचं होतं, लाँचरच्या एकाही खणात क्षेपणास्त्र नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी ऑप्स रूममध्ये, जिथून लढाई चालवतात त्या खोलीत, मागे उभा होतो. अंधार, थंडगार एसी, सगळे हेडसेटवर हळू बोलतायत. हवाई चित्र सांभाळणारी ऑपरेटर अगदी तरुण मुलगी होती, पण हात शांत.

जहाजाने वळण घेतलं. विमान ७० किलोमीटरवर होतं, आणि वळता वळता ते एका फेसच्या कडेवरून चौथ्या फेसच्या कडेवर गेलं. कडेला बीम रुंद होतो, तिथे रडार तसाही सगळ्यात कमी अचूक असतो, म्हणून शेजारचे दोन फेस थोडे एकमेकांवर चढवलेले असतात. काही वेळ दोघांचे प्लॉट, म्हणजे रडारला दिसलेले ठिपके, आळीपाळीने आले, एक वर, एक खाली. जुना ट्रॅक, म्हणजे ठिपके जोडून कंप्युटरने काढलेला विमानाचा मार्ग, फार वेळ नीट चाललेला होता, आणि असा ट्रॅक आपलं गेट, म्हणजे पुढचा ठिपका जिथे स्वीकारायचा ती जागा, लहान करत जातो, त्याला खात्री असते विमान कुठे असणार याची. चौथ्या फेसचे प्लॉट त्याने नाकारले. मग कंप्युटरने त्या प्लॉटचा नवा ट्रॅक काढला. विमानाची 'आपलं' ही ओळख जुन्या ट्रॅकला चिकटलेली होती, तो ट्रॅक अंदाजाने पुढे सरकत राहिला आणि संपला, ओळख त्याच्याबरोबर गेली. नव्या ट्रॅकवर 'अज्ञात'. आणि वरखाली मिसळलेल्या प्लॉटमुळे त्याचा पहिला वेग आला तो खाली येणारा.

म्हणजे स्क्रीनवर काय, तर एक अनोळखी विमान उंची सोडतंय.

"नवीन ट्रॅक, अज्ञात, खाली येतोय," ती म्हणाली, आणि लगेच, "थांबा, जुना कुठे गेला?" तिने स्वतःहून त्या विमानाला पुन्हा ओळख विचारायला लावली, उत्तर आलं, ओळख परत बसली. लॉगमध्ये बघितलं तर अकरा सेकंद. आजूबाजूच्या कुणी मान वर केली नाही. ट्रायलच्या अहवालात ते 'फेस बदलताना ट्रॅकची किरकोळ अस्थिरता' असं आलंय. किरकोळ हा शब्द ज्याने लिहिला त्याने त्या खोलीत उभं राहायला हवं होतं.

माझ्या डोक्यात त्या वेळी १९८८ चा ३ जुलै आला. अमेरिकन क्रूझर युद्धनौका विन्सेन्सने पाडलेलं इराणचं प्रवासी विमान, २९० माणसं. त्या काळातली सगळ्यात पुढारलेली एजिस ही रडार आणि क्षेपणास्त्रांची यंत्रणा, विमान वर चढतंय हे तिच्या रेकॉर्डमध्ये होतं, आणि ऑप्स रूममध्ये माणसं सांगत होती की ते खाली येतंय. विमानाचा ट्रॅक नंबर मध्येच बदलला होता आणि जुना नंबर दुसऱ्याच विमानाला लागला होता. तिथे कारणं वेगळी होती, अलाइनमेंटचा काही संबंध नाही, पण 'ट्रॅक बदलला' आणि 'खाली येतोय' हे दोन शब्दप्रयोग एकत्र ऐकले की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आणि हे जुनं झालं असंही नाही, डिसेंबर २०२४ मध्ये लाल समुद्रावर अमेरिकेच्याच क्रूझरने आपलंच लढाऊ विमान पाडलं, विमानातले दोघेही वाचले एवढंच.

त्याच रात्री मी रेकॉर्डिंग घेऊन बसलो. इतर तीन फेस आपसात जुळत होते. चौथा ०.६ मिलिरेडियन खाली. ७० किलोमीटरवर ४२ मीटर. मग कागदावर हिशोब केला, वाकलेलं जहाज अर्धा, तापलेली भिंत साधारण ०.३, आणि फेस तिरका बसलेला असल्याने प्रत्येकाचा सत्तर टक्के भाग. ०.५६. माझी दुपारी चारची सही तिथे आकड्यात उभी होती.

हे इतके दिवस आधी का सापडलं नाही, याचंही उत्तर आहे. क्षेपणास्त्र आणि लक्ष्य दोन्ही एकाच फेसला दिसत असतील तर चूक दोघांना सारखीच लागते आणि वजा होऊन जाते. उभं डागलेलं क्षेपणास्त्र आधी वर जातं मग वळतं, लाँचर कुठे तोंड करून आहे याला पूर्वीइतका अर्थ नाही. जवळच्या फॅलँक्ससारख्या तोफेचा रडार तर तोफेवरच बसवलेला असतो. म्हणून नवे लोक म्हणतात, अलाइनमेंट आता जुनी गोष्ट झाली. चूक दिसते ती फेस बदलताना, आणि दुसऱ्या जहाजाला डेटालिंकवर, म्हणजे जहाजाजहाजांमधल्या रेडिओ जोडणीवर, आपलं चित्र देताना, म्हणजे नेमकी गर्दीच्या वेळी.

दुरुस्ती सोपी निघाली. जहाज डॉकमध्ये आल्यावर चौथा फेस पहाटे तीन वाजता पुन्हा मोजला, नवा आकडा भरला, पुढच्या ट्रायलला ट्रॅक एका फेसवरून दुसऱ्यावर मऊ सरकला. मी माझ्या आधीच्या रिपोर्टवर कारणासकट लेखी टिपण जोडलं, साहेबांना ते आवडलं नाही. ऑपरेटरला भेटून सांगितलं की चूक तुझ्या स्क्रीनची नव्हती, माझ्या मोजणीची होती. ती म्हणाली, "सर, मला वाटलं मीच बटण चुकीचं दाबलं." इतके आठवडे ती तसं समजत होती.

एक प्रश्न मात्र अजून टेबलावर आहे. आता चारही फेस पहाटेच्या सरळ जहाजाचे आहेत. पण दुपारी डेक तापतो, खाली पाणी गार असतं, आणि जहाज समुद्रावर डॉकपेक्षाही जास्त वाकत असणार. चारही एकत्र कलतील, त्यामुळे आपसात भांडणार नाहीत, पण डेटालिंकवरच्या दुसऱ्या जहाजाशी भांडतील. प्रत्येक फेसमागे कलणं-वळणं मोजणारं छोटं इनर्शियल युनिट बसवलं तर वाकणं चालू जहाजातच मोजता येतं, तसं मी लिहून दिलंय. तोपर्यंत यंत्रणेत एकच आकडा भरायची जागा आहे, आणि मी पहाटेचा भरलाय.