एका महिन्यात दोन पगार

गुरुवार, 20 नोव्हेंबर 2025, रात्रीचे पावणेअकरा

काल शिफ्टवरून येताना बसमध्येच मोबाईलवर युनिव्हर्सल क्रेडिटचं, म्हणजे इथे ब्रिटनमध्ये कमी कमाईवाल्यांना सरकारकडून दर महिन्याला मिळणाऱ्या मदतीचं, स्टेटमेंट उघडलं आणि आकडा बघून पोटात गोळा आला. 691 पौंड. एरवी साधारण 1175 येतात. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं, बस माझ्या स्टॉपच्या पुढे निघून गेली तेव्हा कळलं. मागे चालत येताना डोक्यात एकच, एक डिसेंबरला घरभाड्याचे 850 द्यायचेत.

घरी येऊन पोरीला खिचडी लावून दिली आणि वही काढून हिशोब मांडला. म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये आठवड्याला अठरा तास, ताशी 12 पौंड 21 पेन्स, म्हणजे इथलं किमान वेतन, त्याचे दर चार आठवड्यांनी साधारण 880 हातात येतात. दर महिन्याला नाही, दर चार आठवड्यांनी. इथेच सगळी गोम आहे. युनिव्हर्सल क्रेडिटचा माझा महिना 17 तारखेला सुरू होतो आणि 16 ला संपतो. पगार झाला 17 ऑक्टोबरला, पुढचा 14 नोव्हेंबरला. दोन्ही एकाच महिन्यात बसले. सिस्टीमला वाटलं बाईची कमाई दुप्पट झाली. पगारातले पहिले 411 पौंड सोडून देतात, त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापतात. एरवी अडीचशेच्या आसपास कापले जातात, या वेळी 742 कापले गेले.

वर्षाचा हिशोब केला तर पैसे बुडालेले नाहीत, पुढेमागे झालेत एवढंच. हे मला कळतं, मी सांगलीला बीकॉम केलंय, तीन वर्षं पतपेढीत नोकरी केलीय, आकडे मला घाबरवत नाहीत. पण 17 ऑक्टोबरचा पगार दिवाळीत आणि आधी पैसे भरायच्या गॅस-लाइटच्या मीटरमध्ये गेला, 14 तारखेच्या पगारातून पोरीला थंडीचा कोट आणि शाळेचे बूट घेतले, बसचा पास काढला, आणि आता पुढचा पगार 12 डिसेंबरला. घरमालक वर्षाची सरासरी बघत नाही. त्याला एक तारखेला पैसे लागतात.

2020 मध्ये एकटीने मुलं वाढवणाऱ्या चौघी जणी याच प्रकारच्या घोळावरून कोर्टात गेल्या होत्या आणि अपील कोर्टात जिंकल्या. त्यांचा पगार महिन्याचाच होता, पण शनिवार-रविवार किंवा बँकेची सुट्टी आली की एक-दोन दिवस आधी जमा व्हायचा आणि एकाच महिन्यात दोन पगार धरले जायचे. त्यांच्यामुळे महिन्याच्या पगारवाल्यांसाठी नियम सुधारला. चार आठवडेवाल्यांचं मात्र तसंच राहिलं. केअर होम, सफाई, दुकानं, हॉस्पिटलचं किचन, चार आठवड्यांचा पगार जास्त करून असल्याच कामांना असतो. त्यामुळे फटका कोणाला बसतो हे सांगायला नकोच.

हे सगळं लिहायला बसले कारण दुपारी एका जुन्या मैत्रिणीचा पुण्याहून व्हॉइस मेसेज आला. म्हणाली, तू किती धाडसी आहेस गं, मला तर जमलं नसतं. तिचा हेतू चांगला आहे, माहितीये मला. पण धाडस हा शब्द ऐकला की मला कसंतरी होतं. चार वर्षं मी नवऱ्याच्या घरात राहिले तेव्हा मी भित्री होते का? धाडस तेवढंच होतं. तेव्हा जायला खोली नव्हती, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये मिळाली, फरक एवढाच.

त्याच्या मारण्याबद्दल आज लिहायचं नाहीये. पैशांबद्दल लिहायचंय. लग्नानंतर इथे आल्यावर मी एका दुकानात आठ महिने काम केलं, पगार जॉइंट अकाउंटला, कार्ड त्याच्याकडे. आठवड्याला वीस पौंड मला मिळायचे आणि रविवारी पावत्या दाखवायच्या. एकदा सव्वा पौंडाची कोथिंबीर-मिरची पावतीत नव्हती म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत उभं केलं होतं. आणि वर रोजचं वाक्य ठरलेलं, तुझा व्हिसा माझ्या हातात आहे. माझ्या कार्डावर छापलेलंच होतं, नो पब्लिक फंड्स. म्हणजे बाहेर पडले तर सरकारी मदतीतला एक पैसा नाही, बेनिफिट नाही, कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, घर नाही. तो खोटं बोलतोय हे मला कळायला मार्गच नव्हता, कारण अर्धं तर खरंच होतं.

उरलेलं अर्धं मला घरातल्या अत्याचारासाठीच्या हेल्पलाइनवरच्या बाईने सांगितलं. नंबर इथे लिहून ठेवते, 0808 2000 247, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. ती म्हणाली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला अत्याचारामुळे बाहेर पडावं लागलं तर तीन महिन्यांची वेगळी परवानगी मिळते, त्यात बेनिफिट घेता येतो, आणि त्याच तीन महिन्यांत कायमच्या राहण्याचा अर्ज टाकायचा. आणि कंट्रोल करणं, पैसे अडवणं हेसुद्धा 2021 च्या कायद्यात अत्याचारच धरलंय. मी बाथरूममध्ये नळ सोडून बोलत होते. मला आठवतंय, मी पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांचा नव्हता, कोर्टाचा नव्हता. मी विचारलं, खोलीचं भाडं कोण देणार?

ती म्हणाली, हाउसिंग बेनिफिट. म्हणजे कौन्सिलकडून मिळणारी घरभाड्याची मदत.

मग रेफ्युज, अशा घरातून बाहेर पडलेल्या बायकांसाठीचं निवाराघर. कुठल्या गावात ते लिहीत नाही, लिहायचं नसतं. एक खोली, दोन बेड, सात बायकांत एक किचन. आठवड्याचं भाडं ऐकून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, कारण त्यात चोवीस तासांचा स्टाफ, कॅमेरे, दारं सगळं धरलेलं असतं. ते कौन्सिल हाउसिंग बेनिफिटमधून परस्पर भरायचं, आम्ही फक्त लाइट-पाण्याचे थोडे द्यायचो. माझी पोरगी तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. पहिल्या रात्री तिने दाराची कडी आतून लावता येते हे बघितलं आणि दहा वेळा लावून-काढून बघितली.

तिथे शेजारच्या खोलीत एक तेवीस वर्षांची मुलगी होती, मूलबाळ नाही, कामाला भारी हुशार. तिला एका वेअरहाउसमध्ये फुल टाइम काम मिळत होतं आणि की-वर्करने, म्हणजे रेफ्युजमधल्या मदतनीस बाईने, तिला बसवून हिशोब करून दाखवला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. युनिव्हर्सल क्रेडिटचा एक पौंड जरी चालू असला तरी रेफ्युजचं भाडं पूर्ण मिळतं. पण कमाई वाढून युनिव्हर्सल क्रेडिट शून्यावर आलं की हाउसिंग बेनिफिटही कापायला सुरुवात, ठराविक रकमेपुढच्या प्रत्येक पौंडामागे 65 पेन्स. तिच्यासारख्या एकट्या मुलीचं आठवड्याला अकरा-बारा तास कामावरच शून्य होतं. फुल टाइम केलं तर त्या महागड्या खोलीच्या भाड्यातला मोठा हिस्सा तिनेच भरायचा. तिने ती नोकरी सोडली. रडत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत होती. नवरा काम करू देत नव्हता म्हणून पळून आलेली पोरगी, आणि इथे आल्यावर काम परवडत नाही. मला अजून त्याचा राग आहे. बाईने घरात बसावं असं कोणी ठरवलं नसेल, पण आकडे असे मांडले की ती बसतेच.

माझं बरं होतं, मूल असलं की पगारातली जास्त रक्कम सोडतात. म्हणून मला लवकर काम धरता आलं. नंतर हा फ्लॅट. त्याची गोष्ट वेगळी लिहावी लागेल, सव्वीस घरं बघितली. फोनवर सगळं ठीक, बेनिफिट म्हटलं की घर आत्ताच गेलं. 2020 मध्ये यॉर्कच्या कोर्टाने सांगितलंय की बेनिफिटवाले सरसकट नकोत असं म्हणणं बेकायदा आहे, पण मला कोणी तसं म्हणत नव्हतं, गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा माणूस, मागायचे, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. शेवटी डिपॉझिटची हमी कौन्सिलने घेतली तेव्हा हे मिळालं. भाडं 850, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये भाड्यापोटी धरतात 740, कारण मदतीची कमाल मर्यादा 2024 च्या एप्रिलपासून आहे तिथेच आहे आणि भाडी थांबलेली नाहीत. वरचे 110 माझ्या पगारातून. शाळेत दुसरीपर्यंत सगळ्या मुलांना जेवण फुकट, ते पुढच्या उन्हाळ्यात संपेल, मग बघू, फॉर्म भरायचा तर भरू.

कामाबद्दल थोडं. आईला अजून पटत नाही, एवढं शिकून म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतेस म्हणते. मी सांगते तिला, आई, मला हे काम आवडतं. एक आजी आहेत, ब्याण्णव वर्षांच्या, त्यांना होइस्टवर, म्हणजे उचलायच्या यंत्रावर, घेताना भीती वाटते म्हणून माझं मनगट घट्ट धरतात. मी मराठीतच हळू, हळू म्हणते आणि त्या शांत होतात. मनगट धरलं की आधी माझ्या अंगावर काटा यायचा. आता येत नाही. एवढ्या नाजूक कामाला किमान वेतन, हे मात्र मला कळत नाही.

आणि मग माझी मावसबहीण आठवते, मिरजेची. तिचंही असंच. आपल्याकडे घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा आहे, चांगला आहे, त्यात बाईला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, किंवा कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं की हिला दुसरं घर बघून दे, भाडं भर. पण म्हणजे भाडं मागायचं ते त्याच्याकडेच. तारखांवर तारखा, आणि तोपर्यंत राहायचं कुठे, तर माहेरी, भावाच्या घरात, वहिनीच्या तोंडाकडे बघत. लाडकी बहीणचे 1500 तिला मिळायचे, परित्यक्ता म्हणून. त्यात मिरजेत खोली मिळते का? ती दोन वर्षं माहेरी राहिली आणि परत गेली. सगळे म्हणाले, बघा, तिलाच जायचं होतं.

आज दुपारी ब्रेकमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जर्नलला, मेसेज टाकला. उत्तर आलं की या कालावधीत दोन पगार नोंदले गेलेत, पेमेंट बरोबर आहे. मग घरमालकाला फोन केला, हात कापत होते, कोणाकडे पैशांसाठी वेळ मागायची म्हटलं की अजून घशाला कोरड पडते. सांगितलं, 500 एक तारखेला, उरलेले 350 पगार झाल्यावर 12 ला. तो हूं म्हणाला, लिहून पाठव म्हणाला. पाठवलं. 691 मधून 500 गेले की 191, चाइल्ड बेनिफिटचे आठवड्याला 26 पौंड 5 पेन्स, खात्यात आधीचे साठेक. तांदूळ, डाळ, कणीक घरात आहे. मीटरमध्ये अकरा पौंड आहेत. रविवारी कोणी जादा शिफ्ट सोडली तर घ्यावी का विचार करतेय, पण पोरीला ठेवू कुठे.

नऊ वाजता आईचा फोन आला होता, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. झोप येत नाही म्हणाली. पहिली दोन वर्षं तिचा पहिला प्रश्न असायचा, जावई काय म्हणतात. मग कितीतरी दिवस नुसतं, जेवलीस का. आज म्हणाली, या महिन्याचं भाडं झालं का गं?

म्हटलं, अर्धं झालंय. सगळं सांगितलं, 17 तारीख, 14 तारीख, दोन पगार. तिला किती कळलं माहीत नाही. ती म्हणाली, थांब, मी कागद घेते, परत सांग.