बलकावरचा ठिपका

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी उबवणीच्या मशीनमध्ये अंडी भरत होतो. मग म्हटलं, अंड्याचंच लिहावं.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी मला घरून चार गावठी अंडी आणायला सांगितली. एक अंडं कापसावर आडवं ठेवून दहा मिनिटं कुणाला टेबलाला हात लावू दिला नाही. मग वरून कात्रीनं रुपयाएवढी खिडकी कापली. बरोबर तिच्याखाली, बलकावर तीन-चार मिलिमीटरचा फिकट ठिपका, भोवती कडं. "पिल्लू होणार ते एवढ्यातून. बाकीची सगळी शिदोरी!" दुसरं अंडं उलटंपालटं करून ठेवलं, तरी थोड्या वेळानं ठिपका वरच. त्याच्याखालचा बलक हलका असतो ना.

पावसाळ्यात डबक्यातून बेडकाची अंडी बरणीत आली. बुळबुळीत जेलीत मोहरीएवढे दाणे, अर्धे काळे, अर्धे पांढरट. इथं शिदोरी जड, खालच्या पांढरट भागात. जेलीचा गोळा उलटा केला तर जरा वेळानं दाणे आतल्या आत फिरून पुन्हा काळी बाजू वर! किड्यांच्या अंड्यात बलक मधोमध असतो, हे मात्र फळ्यावरच राहिलं. माणसाच्या अंड्यात तो जवळजवळ नसतोच. का, असं बाईंनी विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आईकडंच राहायचंय, डबा कशाला?" बाई एवढ्या हसलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

पुढं हॅचरी टाकली. पहिल्याच वर्षी ट्रे कलवणारी मोटार बंद पडली. तापमान साडेसदतीसवर आहे ना, मग बघू सावकाश, म्हणून मी दुर्लक्ष केलं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली मोजकीच. उरलेली अंडी फोडली तर बऱ्याच अंड्यांत गर्भ टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेला. अंडं हललं नाही की बलक वर चढतो, ठिपक्याला टरफलाशी नेऊन टेकवतो. बाईंनी दहा मिनिटं अंडं हलू दिलं नव्हतं. मी दोन आठवडे!

आता अठराव्या दिवसापर्यंत दर तासाला ट्रे करकरत कलतात. रात्री ती करकर चुकली की मला जाग येते.